गादीवर वहिनी बसली

माझ्या वहिनीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. तिच्याबद्दल हे आधी सांगते, कारण तिच्यात उणीव म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती आणि लोकांनी तिचंही कौतुकच केलं. भाजीबाजारात ओळखीची बाई समोरून आली तरी वहिनी सरळ पुढे निघून जायची. मग त्या बाईनं भेंडी निवडायला हात पुढे केला की हिचे डोळे एकदम उजळायचे. "अगं, तू होय? हात आधी दाखवायचा नं. मला काय पता." आणि ती बाई रागवायची सोडून खूश व्हायची. मी रस्त्यात कोणाला ओळखलं नाही तर मी शिष्ट ठरायची, आणि वहिनीनं ओळखलं नाही तर तिचा तो गुण.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही जुनी इंदूर मोहल्ल्यातून जाताना एखादी म्हातारी मला थांबवते आणि विचारते, "तुम्ही त्या बांगड्यावाल्या भाभींच्या नणंद नं?" त्या दुकानात मी जन्मले, वाढले, माझ्या पणजोबांचं ते दुकान. पण माझी ओळख काय, तर वहिनीची नणंद. मी हसून हो म्हणते आणि पुढे जाते.

पणजोबा राजवाड्यात बायकांना बांगड्या भरायला जायचे असं बाबा सांगत. खरं किती आणि खोटं किती ते माहीत नाही, पण दुकानात ते आल्यागेल्याला सांगितलं जायचं. दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. पांढऱ्या खोळीची गादी, गादीवर एक घट्ट भरलेली उशी आणि मागं भिंतभर खुंट्यांवर दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या बांगड्या. बाई गादीच्या कडेला बसणार, हात उशीवर ठेवणार आणि आमच्या घरातलं माणूस तो हात आपल्या हातात घेऊन एकेक बांगडी चढवणार. बांगडी विकणं सोपं असतं. भरणं कठीण. हाताची हाडं एकमेकांजवळ आणून हात लहान करायचा, काच फिरवत पुढं न्यायची, आणि तेही बाईला दुखू न देता. भरून झाल्या की बाईनं भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, मग ती वयानं केवढीही मोठी असो. गादीचा तो मान होता.

मला हे सगळं येत होतं. मी परकरी असल्यापासून बाबांच्या शेजारी बसायची. दुपारी बाबा जेवायला आत गेले की आलेल्या बायकांना मीच भरायची, आणि बायका म्हणायच्या, "हिचा हात तर एकदम बापाचा आहे हो." माझ्या थोरल्या भावाला, दादाला, हे कधी जमलं नाही. त्यानं हातात घेतलेली बांगडी वाचली तर नवल. म्हणून तो मिलमध्ये साचेखात्यात, मागांवर, लागला आणि मी लग्न होऊन देपालपूरला गेले. माझे यजमान तिथं एका आडत्याकडे हिशेब बघत. दिवसभर घरासमोरून गव्हाच्या गाड्या जायच्या आणि सगळ्या घरात भुसा यायचा. तिथल्या बायका बांगड्या घरच्या घरी, साबण लावून, दात आवळून चढवायच्या. ते बघून माझे हात शिवशिवायचे.

काही वर्षांनी आम्ही इंदूरला परत आलो आणि स्नेहलतागंजमध्ये दोन खोल्या घेतल्या. तोवर बाबांचे हात कापायला लागले होते. एक दिवस त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दिवाळी झाली की तू बसत जा गादीवर. तुझ्या दादाला मिलमधून फुरसत नाही, आणि सूनबाईला यातलं काही समजत नाही." मी घरी येऊन यजमानांना विचारलं. ते बसा म्हणाले. मी दुपारच्या स्वयंपाकाची वेळ बदलली, मुलीला शाळेतून आणायची व्यवस्था केली. आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या आत मिल बंद पडली.

त्या दिवसांत इंदूरमध्ये एकामागून एक मिलची फाटकं बंद होत होती. आज नाही उद्या उघडेल म्हणत माणसं फाटकापाशी जाऊन बसत. दादाही डबा घेऊन जायचा आणि तसाच भरलेला डबा घेऊन परत यायचा. बाबांनी मला पुन्हा बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता त्याच्या घराचं पण बघायला पाहिजे नं बेटा. तुझ्या घरी तर कमावणारा आहे. गादीवर सूनबाई बसेल." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मिल बंद पडल्याचं दुःख घरोघर होतं, त्यात माझं वेगळं दुःख कोणाला सांगायची सोय नव्हती. पण खरं तेच आहे. त्या मिलनं माझी गादी घेतली आणि वहिनीला दिली.

वहिनी देवासची, मास्तरांची मुलगी. काचेच्या बांगडीला आयुष्यात ग्राहक म्हणून काय हात लावला असेल तेवढाच. सुरुवातीला तिनं जो काचेचा खच पाडला तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी रोज काही ना काही निमित्त काढून दुकानात जायची आणि बायकांच्या मनगटावरचे ओरखडे बघून समाधानानं घरी यायची. एकदा तर एका बाईचं मनगट पुसायला मीच कापूस आणून दिला. सहा महिन्यांत दुकान बसणार आणि बाबा मला बोलवायला येणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

पण ती शिकली. कशी शिकली ते ऐका. दादा घरीच होता, त्याला दिवसभर काही काम नव्हतं. वहिनी दुपारी त्याला समोर बसवायची आणि त्याच्या त्या साच्यावर राठ झालेल्या हातांवर बांगड्या चढवायचा सराव करायची. चढवायच्या, उतरवायच्या, पुन्हा चढवायच्या. दादा दुसऱ्या हातात पेपर धरून वाचत बसलेला. तो हात भरला की पेपर या हातात आणि दुसरा हात तिच्याकडे. एकदा मिलमधला त्याचा दोस्त सभेला बोलवायला आला तेव्हा दादा कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालून दारात येऊन उभा राहिला. दादा म्हणाला, "पाच मिनट रुक यार, उतरवायला टाइम लागतो." एवढ्या मोठ्या, हाडापेरानं भक्कम हातावर बांगडी चढवायला जी शिकली, तिला बायकांचे हात म्हणजे लोणी. यात तिची हुशारी काय? माझ्या बापड्या दादानं हात दिला म्हणून जमलं. माझ्या यजमानांनी दिला नसता.

त्याच सुमाराची एक गोष्ट मोहल्ल्यात अजून सांगतात. मिलचे काही कामगार तावातावानं दुकानात आले. त्यांना मोर्चा घेऊन जायचं होतं आणि साहेब लोकांना बांगड्यांचा आहेर करायचा होता. आपल्याकडे पुरुषाची अब्रू काढायची ही जुनीच रीत. मी त्या दिवशी दुकानातच होते.

पुढारी वाटणारा एकजण म्हणाला, "भाभी, दोन डझन बांगड्या द्या. कोणत्या पण चालतील."

वहिनी नेहमीप्रमाणे खाली बघत होती. म्हणाली, "हात कुठे आहे?"

"कोणाचा हात?"

"ज्याला घालायच्या आहेत त्याचा. माप घेतल्याबिगर कशा देऊ?"

"अरे भाभी, घालायच्या थोडीच आहेत. साहेबाची इज्जत उतरवायची आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा भिया. माझी बांगडी हातात बसली नाही तर माझी इज्जत उतरते. साहेबांना घेऊन या, मी भरून देते. एकदम आरामशीर भरीन."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकाला हसू आलं, मग सगळेच हसले, आणि हात हलवत निघून गेले. मला अगदी शपथेवर विचाराल तर ती विनोद करत नव्हती. तिला खरंच माप हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात झालं की भाभी काय मार्मिक बोलल्या, कामगारांनाही सुनावलं आणि साहेबांनाही सोडलं नाही. कोणी म्हणे यात बायकांची बाजू घेतली, कोणी म्हणे कामगारांची. मी सांगत होते की अहो, तिला आहेर म्हणजे काय तेच समजलं नव्हतं. तर मलाच म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं.

आता तिच्या मनगटांबद्दल. गादीवर बसायला लागल्यापासून तिनं स्वतःच्या बांगड्या काढून ठेवल्या. दोन्ही मनगटं मोकळी. कासाराची सून, घरात धडधाकट नवरा, समोर भिंतभर बांगड्या आणि हिचे हात भुंडे. तेव्हा आई होती. तिनं आकांत केला. शेजारपाजारच्या बायका कुजबुजल्या की हिनं बांगड्या काढल्या म्हणूनच मिल उघडत नाही. वास्तविक मिल आधी बंद पडली आणि बांगड्या नंतर निघाल्या, पण असा हिशेब कोण करतं? वहिनीचं म्हणणं एवढंच होतं की, "माझ्या बांगड्या त्यांच्या बांगड्यांशी भांडतात. दोन्ही फुटतात." खरं तर आमच्या घरात बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. तिला तेही भान नसायचं. आई जाईपर्यंत या गोष्टीवरून तिच्याशी धड बोलली नाही.

मला वाटलं होतं, बायकाच आता हिला वठणीवर आणतील. सवाष्णीनं मोकळ्या हाताच्या बाईकडून बांगड्या भरून घ्यायच्या म्हणजे काय? पण बायका येत राहिल्या. मिलच्या चाळींतल्या बायका तर जास्तच. घरात मिल बंद, सण तोंडावर, डझनभर बांगड्या कुठून घेणार, आणि रिकाम्या मनगटानं सणाला बसायचं कसं? वहिनीनं त्यांना दोन्ही हातांत एकेकच बांगडी भरायला सुरुवात केली, आणि तीही इतक्या निगुतीनं, जणू चुडा भरतेय. आपल्या मोकळ्या मनगटांकडे बोट दाखवून म्हणायची, "मेरे को देखो, मी तर एक पण नाही घालत. तुम्ही माझ्यापेक्षा एकानं पुढे आहात." पुढं पुढं तर चांगल्या खात्यापित्या घरच्या बायकाही एकेक बांगडी घालून मिरवायला लागल्या, फॅशन म्हणून. मला कोणी गादीवर बसू दिलं असतं तर हे मलाही सुचलं असतं.

तिच्या तऱ्हा पुष्कळ. घाईत आलेल्या बाईला ती हातच लावायची नाही. रागात आलेल्या बाईला तर नाहीच. हात उशीवर ठेवून चाचपायची आणि मागं सारायची. "हा हात भांडून आला आहे. आधी चहा घ्या." की समोरच्या टपरीवरून चहा यायचा. बाई चहा घेता घेता कोणाशी भांडून आली ते सांगायची. बायकोसाठी बांगड्या घ्यायला एकटा पुरुष आला की त्याची तर परीक्षाच. "माप काय?" "माहीत नाही." "त्यांचं मनगट धरता तेव्हा तुमची बोटं कुठवर येतात?" भर दुकानात चांगला मिशीवाला माणूस हवेत मनगट धरून दाखवायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. वहिनी मान खाली घालून, अगदी गंभीरपणे, त्या हवेतल्या मनगटाचं माप काढायची. आणि ते बरोबर निघायचं, हे मला कबूल करावं लागतं.

पण या सगळ्याचा मला हेवा नव्हता. म्हणजे होता, पण पोटातून जो जळफळाट होतो तो याचा नव्हता. तो होता बायका तिच्याशी बोलायच्या त्याचा.

ती कोणाच्या तोंडाकडे बघत नसे, म्हणून असेल, पण तिनं हात हातात घेतला की बाया बोलायला लागायच्या. सासूचं, नवऱ्याचं, मिल बंद पडल्यापासून पीत बसलेल्या दिराचं, न झालेल्या मुलाचं. बोलणं बाईचं आणि उत्तर वहिनी द्यायची ते हाताला. "काय रे, सुजला आहेस? रात्रभर कपडे धुतलेस का?" असं. सल्ला एकही नाही. सगळं ऐकून झालं की एवढंच म्हणायची, "हं. दुसरा हात." आणि बाई डोळे पुसून दुसरा हात पुढं करायची आणि उरलेलं सांगायची. मी तिथं कोपऱ्यात बसून पाहिलं आहे. माझ्या सख्ख्या बहिणीसारख्या शाळेतल्या मैत्रिणीनं तिच्या घरातली जी गोष्ट मला वर्षानुवर्षं सांगितली नाही, ती हिला पहिल्या सहा बांगड्यांत सांगितली. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग मीही माझं दुकान काढलं. तोवर घरोघर केबल आली होती आणि मालिकेतल्या बायकांसारखे बांगड्यांचे सेट बायकांना हवे होते. डब्यात नीट मांडलेले, धातूचे, चमकीचे, साडीला मॅचिंग. काचेचे दरवाजे लावलेली नवी नवी दुकानं उघडत होती. मी आधी वहिनीला म्हटलं, असे सेट ठेवा. तिनं ठेवले पण. आणि सेट मागायला आलेल्या मुलीला म्हणाली, "हे तर तू आपल्या हातानं घालशील, मग माझ्याकडे कशाला आलीस?" मुलगी बिचारी गोंधळून परत गेली. ते डबे मी उचलून माझ्या घरी आणले आणि स्नेहलतागंजच्या पुढच्या खोलीत काचेचं कपाट करून मांडले. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, लिपस्टिक. माझं बरं चाललं. वहिनीपेक्षा चांगलं चाललं, हे मी मुद्दाम सांगते. पण बायका यायच्या, डब्यावर बोट ठेवायच्या, डबा घ्यायच्या आणि जायच्या. पाच मिनिटांत खोली रिकामी. हात पुढं करायचं कोणाला कारणच नव्हतं. आणि संक्रांत आली, श्रावण आला की याच माझ्या गल्लीतल्या बायका माझ्या दारावरून रिक्षा करून जुनी इंदूरला जायच्या, काचेच्या भरून घ्यायला. परत येताना मला दाखवायच्या. "भाभींनी भरल्या. छान आहेत नं?" मी छान म्हणायची.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र मी ठरवलं की आता बस. आमच्या घरात नवरीचा हिरवा चुडा घरचंच माणूस भरतं, जे गादीवर बसतं ते. चुडा भरला की नवरीनं पहिला नमस्कार त्याला करायचा, आईवडिलांना त्यानंतर. म्हणजे माझी मुलगी, मी नऊ महिने पोटात वाढवलेली, माझ्याआधी वहिनीच्या पाया पडणार. मी म्हटलं, चुडा मीच भरते. तर नात्यातल्या बायका म्हणाल्या, असं कसं, जो गादीवर बसतो त्यानंच भरायचा असतो. आणि माझी मुलगी, तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "पण मामीच भरणार आहे नं? मी तर मामीला कधीचं सांगून ठेवलंय."

मी बाबांकडे गेले. तोवर बाबांना दिसायचं कमी झालं होतं आणि हात तर सारखे हलत. म्हटलं, "गादी अजून तुमचीच आहे. नातीचा चुडा तुम्ही भरा." बाबांचा चेहरा असा फुलला की मला दुसरं काही बोलावंच लागलं नाही. दादा काळजीत पडला. वहिनीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बढिया. मला तसं पण नमस्कार घ्यायला कसंसंच होतं." मला वाटलं होतं ती निदान एक दिवस तरी रुसेल.

चुड्याच्या दिवशी खोली बायकांनी भरून गेली होती. मुलाकडच्याही बायका आल्या होत्या, विहीणबाई अगदी पुढं बसल्या होत्या. बाबांनी स्वच्छ धोतर नेसून बैठक मारली, नातीचा हात हातात घेतला, पहिली बांगडी घेतली आणि ती बोटांच्या पेरांवरच टिचली.

कोणीतरी "वाढली, वाढली" म्हणालं, पण दबक्या आवाजात. लग्नाच्या चुड्याची पहिलीच बांगडी. विहीणबाईंनी शेजारणीकडे बघितलं. बाबांनी दुसरी बांगडी उचलली, ती त्यांच्या बोटांत नुसती थरथरत राहिली. त्यांना पुढं करता येईना आणि खाली ठेवता येईना. मी त्यांच्या अगदी मागं उभी होते. हे मी करून बसले होते आणि यातून बाहेर कसं पडायचं ते मला सुचत नव्हतं.

वहिनी आतून पदराला हात पुसत आली. कोणाकडे बघितलं नाही. बाबांच्या शेजारी बसली, माझ्या मुलीचा हात खालून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्या हातावर डाफरली. "काय रे, आजोबांना सतावतोस? आईच्या वळणावर गेला आहेस, अकडू कुठला." विहीणबाईंनाच आधी हसू आलं. मग सगळ्या हसल्या. वहिनी म्हणाली, "बाबा, चालू द्या तुमचं. मी फक्त याला पकडून ठेवते."

आणि तिनं तो हात असा धरला, हाडं अशी जवळ आणली की बाबांच्या कापऱ्या बोटांनी बांगडी नुसती टेकवायची, ती आपोआप मनगटावर जाऊन बसायची. एक गेली, दुसरी गेली. बाबांचे खांदे सैल झाले. चुडा पुरा झाला. मुलीनं आजोबांना वाकून नमस्कार केला, सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावले, आणि तोवर वहिनी उठून बाजूलाही झाली होती. बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले की माझे डोळे गेले होते, हात गेले होते, तरी नातीचा चुडा मीच भरला.

बांगडी कोण चढवतं त्याला महत्त्व नसतं. हाडं ज्याच्या हातात, त्यानं ती भरलेली असते. त्या खोलीत हे कळणारी मी एकटीच होते. जे मला जन्मभर हवं होतं ते वहिनीनं केलं आणि मान बाबांच्या ओंजळीत टाकून मोकळी झाली. माझ्याच्यानं हे झालं नसतं. मी ते धरून ठेवलं असतं.

चुडा झाल्यावर नवरीच्या आईला भरायच्या असतात. माझ्या लग्नाचा चुडा सोडला तर मी माझ्या बांगड्या कधी कोणाला भरू दिल्या नव्हत्या. उजव्या हातानं डावा, डाव्या हातानं उजवा, माझ्या मी भरायची. पण सगळ्या बायकांनी धरून मला वहिनीसमोर बसवलं. तिनं माझा हात उशीवर घेतला. मी वाट बघत होते की आता ही माझ्या हाताला काय बोलते. सगळ्यांच्या हातांशी बोलायची. माझ्या हाताशी काही बोलली नाही. खोलीत गलका होता, जेवणाची पानं मांडायची हाकाटी चालली होती. तिचे हात उबदार होते आणि जराही घाईत नव्हते.

दोन बांगड्या गेल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, मला तुमचा फार हेवा वाटतो हो. तुम्ही गादीवर बसलात त्या दिवसापासून."

"माहीत आहे," ती म्हणाली. "अंगठा आत घ्या."

मी अंगठा आत घेतला. ती भरत गेली. एकही बांगडी टिचली नाही आणि मला दुखलं नाही. बोलून टाकलं की मन मोकळं होतं म्हणतात, माझं काही झालं नाही. उलट माझ्याच हातावर तिची सफाई इतकी जवळून बघून हेवा आणखी वाढला. दोन्ही हात भरून झाले आणि तिनं ते सोडले. ते तिनं आणखी थोडा वेळ धरायला हवे होते असं मला वाटलं.

रीत ती रीत. मी उठले आणि भरल्या हातांनी वहिनीला वाकून नमस्कार केला. तिनं तो पाहिलासुद्धा नाही. तिचं लक्ष माझ्यामागं बसलेल्या विहीणबाईंच्या हातांकडे गेलं होतं, आणि ती पुढं झुकून त्यांना विचारत होती, "या हाताला इतकं काय झालं आहे हो?" मला त्या हातांचा हेवा वाटला.